दहा बाय दहाची खोली आणि साठीतला चोमेई

गेल्या भागावर बऱ्याच जणांनी लिहिलं की आवाज मध्येच कमी होत होता. माइक बदललाय. आजही कुकरची शिट्टी ऐकू आली, तर ती शेजारच्यांची समजा.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्यापैकी बहुतेक जण पंचवीस-तिशीच्या आसपासचे. म्हातारपण हा आपला विषयच नाही असं वाटतं. पण घरात कुणीतरी असतं. आजी, काका, आत्या, आईची मावशी. एकटं राहणारं कुणीतरी, आणि घरातले सगळे दर रविवारी त्यांच्याबद्दल बोलत असतात. ‘किती दिवस एकटं राहणार?’ हे वाक्य ऐकलेलं नाही असं घर मला तरी माहीत नाही.

तर आज मी तुम्हाला एका जपानी माणसाबद्दल सांगणार आहे. आठशे वर्षांपूर्वीचा माणूस. साठीच्या आसपास तो डोंगरात एकटा राहायला गेला, आणि त्यानं स्वतःच्या खोलीबद्दल एक छोटंसं पुस्तक लिहिलं. माणसाचं नाव कामो नो चोमेई. पुस्तकाचं नाव होजोकी. ‘होजो’ म्हणजे साधारण दहा फूट बाय दहा फूट, आणि ‘की’ म्हणजे नोंद, हकीकत. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर पुस्तकाचं नाव आहे ‘दहा बाय दहाच्या खोलीची हकीकत’.

मुंबईत ज्यांचं बालपण चाळीत गेलं त्यांना दहा बाय दहा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की चाळीतल्या त्या खोलीत आठ माणसं असायची. चोमेईच्या खोलीत एकच.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मला आधी त्या खोलीचं डिझाइन आवडलं, खरं सांगतो. उंची सात फुटांपेक्षा कमी. पाया खणलेला नाही, लाकडं एकमेकांना आकड्यांनी अडकवलेली. का? तर जागा पटली नाही तर आकडे काढायचे, सगळं गाड्यांवर टाकायचं आणि दुसरीकडे जाऊन पुन्हा जोडायचं. दोन गाड्यांत अख्खं घर मावतं, आणि गाडीवाल्याच्या भाड्याशिवाय खर्च शून्य, असा हिशोब त्यानं स्वतःच लिहून ठेवलाय. पॅकर्स अँड मूव्हर्सचं कोटेशन ज्यांनी नुकतंच मागवलंय त्यांनी दीर्घ श्वास घ्या.

पण माणूस असं सुटं होणारं घर का बांधतो? गंमत म्हणून नाही. त्यानं घरं जाताना पाहिली होती.

चोमेईचा जन्म ११५५ च्या सुमाराचा. क्योटोच्या कामो देवस्थानात वडील मोठे पुजारी. म्हणजे घर चांगलं, नाव चांगलं. तो विशीत असताना, ११७७ मध्ये क्योटोला आग लागली आणि राजधानीचा जवळपास तिसरा हिस्सा जळाला, असं तो सांगतो. ११८० मध्ये वावटळ आली. त्याच वर्षी ताइरा नो कियोमोरी या सत्ताधीशानं राजधानीच हलवली, फुकुहाराला, म्हणजे आजच्या कोबेला. लोकांनी आपली घरं मोडली, लाकडं योदो नदीतून वाहून नेली, आणि काही महिन्यांनी राजधानी परत क्योटोलाच आली! मोडलेली घरं मात्र पूर्वीसारखी उभी राहिली नाहीत. आपल्याकडे स्टेकहोल्डरनं अर्ध्यात रिक्वायरमेंट बदलली की काय होतं ते आठवा. फक्त इथे खरी घरं होती.

मग ११८१-८२ चा दुष्काळ. हा भाग वाचताना मी थांबलो होतो, तुम्हालाही थोडं थांबायला लावतो. रस्त्यांवर प्रेतं पडलेली. निन्नाजी मठातला एक भिक्षू फिरायचा आणि जे जे मृत दिसतील त्यांच्या कपाळावर एक अक्षर लिहायचा. कुठलं अक्षर? ‘अ’. आपलाच अ. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत अक्षरं सिद्धम लिपीत जपानपर्यंत गेली होती, आणि तिथे ‘अ’ हे पवित्र बीजाक्षर मानतात. तर दोन महिन्यांत, राजधानीच्या फक्त पूर्व भागात, ज्यांच्या कपाळावर अ लिहिला त्यांची मोजणी झाली. ४२,३०० च्या वर. चोमेईनं हा आकडा लिहून ठेवलाय. आपण बालवाडीत पाटीवर गिरवलेलं पहिलं अक्षर, आणि ते तिथे कशासाठी वापरलं गेलं.

त्यानंतर ११८५ चा भूकंप. धक्के तीन महिने येत राहिले.

आता या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घ्या. या आपत्ती पाहून चोमेई लगेच डोंगरात पळाला नाही. आपण अशा गोष्टी सांगताना नेहमी तसं करतो, की माणसाला साक्षात्कार झाला आणि त्यानं सगळं सोडलं. खरं आयुष्य तसं नसतं. भूकंपानंतर जवळजवळ वीस वर्षं तो शहरातच होता, करिअर करत होता. वाद्य वाजवायचा, कविता लिहायचा आणि दोन्हीत चांगला होता. १२०१ मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबानं त्याला दरबाराच्या काव्यविभागात घेतलं. पुढे शिन कोकिनशू नावाचा जो शाही काव्यसंग्रह झाला, त्यात याच्या दहा कविता आहेत.

आणि मग, साधारण पन्नाशीत, त्याला हवी असलेली एक जागा रिकामी झाली. कावाई देवळातलं पुजारीपण. वडिलांच्या परंपरेतलं. सम्राटाचीही इच्छा होती. पण एका नातेवाइकानं आडकाठी केली आणि जागा दुसऱ्याला गेली. बस. प्रमोशन हुकलं. चोमेई दरबार सोडून गेला, भिक्षू झाला. पाच वर्षं ओहारा नावाच्या भागात काढली, आणि मग हिनोच्या डोंगरात ही दहा बाय दहाची झोपडी.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्या एकांताची सुरुवात शुद्ध नाही. थोडं दुःख, थोडा राग, थोडा अपमान, थोडी खरी ओढ. अगदी आपल्या ओळखीच्या माणसांसारखं.

आता त्या खोलीत तो करतो काय?

एका बाजूला बुद्धाचं चित्र, समोर पोथी. एका टांगलेल्या फळीवर काळ्या चामड्याच्या तीन पेट्या, त्यात कवितांचे, संगीताचे आणि धर्माचे कागद. शेजारी दोन तंतुवाद्यं, कोतो आणि बिवा. झोपायला वाळलेल्या नेच्याची गादी. बाहेर बांबूच्या पन्हळीतून दगडी कुंडीत पाणी. झालं घर.

आणि दिवसभर तो कडक साधना करतो असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही. तो सरळ सांगतो की ज्या दिवशी नामस्मरणाचा कंटाळा येतो, त्या दिवशी तो करत नाही. थांबवणारं कुणी नाही, आणि ज्याच्यासमोर लाज वाटावी असंही कुणी नाही. वाद्यांबद्दल म्हणतो की आपला हात काही फार चांगला नाही, पण कुणाला खूश करायला वाजवत नाही, स्वतःपुरतं वाजवतो. शाही संग्रहात दहा कविता असलेला माणूस हे म्हणतोय! म्हणजे त्याला येत नव्हतं अशातला भाग नाही. ‘चांगलं यायला पाहिजे’ हे ओझं त्यानं खाली ठेवलं होतं.

डोंगराच्या पायथ्याशी एका रखवालदाराचं खोपटं होतं. तिथला एक मुलगा अधूनमधून वर यायचा. हा साठीचा, तो दहाचा. दोघं मिळून भटकायचे, रानातली फळं, कोंब, भाजी गोळा करायचे. इतका फरक असून दोघांची करमणूक सारखीच होते, याचं चोमेईला कौतुक वाटतं. अख्ख्या पुस्तकात मला ही जागा सगळ्यात जास्त आवडते.

रात्री मात्र वेगळं. माकडांचा आवाज ऐकून डोळे भरून येतात. मध्यरात्री जाग आली की राखेतले निखारे उकरत बसतो, तेच त्याचे म्हातारपणाचे सोबती. हेही त्यानं लपवलेलं नाही.

आता माझ्या आत्याबद्दल थोडं. तिची परवानगी घेतलीय, नाव सांगायचं नाही या अटीवर. (‘आणि माझ्या गुडघ्यांबद्दल बोलू नकोस,’ ही दुसरी अट. ती मी आत्ताच मोडली.)

आत्या ७१ वर्षांची आहे. वाईला राहते, दोन खोल्या, कृष्णेपासून चालत पाच मिनिटं. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं शिकवलं. काका जाऊन बारा वर्षं झाली. मूलबाळ नाही. बाबा तिचा धाकटा भाऊ, त्यामुळे आमच्या घरात तिच्याबद्दलची काळजी हा कायमचा ओपन टास्क आहे.

मागच्या श्रावणात ती बाथरूममध्ये घसरली. मनगट मोडलं. बाबा तिला पुण्याला आमच्याकडे घेऊन आले, नवव्या मजल्यावर. तीन महिने राहिली. सगळं व्यवस्थित होतं. आई तिचं सगळं करत होती, पथ्यपाणी, औषधं, फिजिओथेरपी. हात बरा झाला, आणि एक दिवस जेवताना ती बाबांना म्हणाली, ‘अरे, आता मी जाते वाईला.’

बाबा चिडले. ‘इथे काय कमी आहे तुला?’

ती म्हणाली, ‘कमी काही नाही रे. पण इथे मी दिवसभर तुमची वाट बघते. सहा वाजतात कधी, कुणी येतंय कधी. वाईला मी कुणाची वाट बघत नाही.’

यावर टेबलावर कुणीच काही बोललं नाही. आईनं तिला अजून एक पोळी वाढली.

आता मला सांगा, एकटं कोण होतं? चार माणसांच्या घरात ती एकटी होती, कारण तिचा दिवस आमच्या वेळापत्रकावर चालायचा. वाईत तिचा दिवस तिचा आहे. सकाळी घाटापर्यंत जाऊन येते. पेपरातलं शब्दकोडं सोडवते, पण पूर्ण कधीच करत नाही. तीन-चार शब्द अडले की सोडून देते आणि दुसऱ्या दिवशी उत्तरंही बघत नाही. मला हे बघवत नाही, सांगून ठेवतो. माझा टेस्ट केस फेल असेल तर मला रात्री झोप लागत नाही. पूजा रोज होतेच असं नाही. ‘देव कुठे पळून चाललाय का?’ म्हणते. शेजारच्या काकूंची नात दुपारी पाढे म्हणायला येते, त्यातला अर्धा वेळ दोघी पत्ते खेळतात.

आणि वाईट वेळही आहे. मी एकदा विचारलं होतं, ‘तुला बोअर नाही होत?’ तर म्हणाली, ‘तिन्हीसांजेला सहा ते सात वाईट जातो. दिवा लावला की काका आठवतात. बाकीचा दिवस माझा आहे.’

चोवीस तासांतला एक तास वाईट जातो, असं ती स्वतः सांगते. आणि आपण घरचे काय करतो? त्या एका तासाचा पुरावा करतो. ‘बघ, रडते ती संध्याकाळी. तिला घेऊनच यायला पाहिजे.’ म्हणजे म्हाताऱ्या माणसानं एकटं राहायचं असेल, तर त्यानं शंभर टक्के सुखी असायला हवं, अशी आपली अट. थोडं जरी दुःख दिसलं की त्याचा हक्क रद्द. ही अट आपण स्वतःला लावतो का? रविवारी संध्याकाळी, उद्या ऑफिस आहे या विचारानं तुमचा चेहरा कसा होतो ते आठवा. म्हणून कुणी तुम्हाला नोकरी सोडून गावी परत ये म्हणत नाही.

आता लगेच मेसेज येतील, ‘म्हणजे म्हाताऱ्यांना एकटं सोडून द्यायचं का?’ नाही, मंडळी. तीन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली म्हणजे पैसा. आत्या २००५ च्या आधीपासून नोकरीत, म्हणून तिला जुनी पेन्शन आहे. दर महिन्याला पैसे येतात, कुणापुढे हात पसरावा लागत नाही. ज्या बाईला पेन्शन नाही, घर नावावर नाही, तिच्यापुढे एकांताच्या समाधानाच्या गोष्टी करणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. तिचा प्रश्न वेगळा, आणि तो आधी सोडवायला पाहिजे. दुसरी, चोमेईच्या पायथ्याशी रखवालदाराचं घर होतं. तो जंगलात हरवलेला नव्हता. अधूनमधून शहरात भिक्षेला जायचा, तिथे स्वतःच्या अवताराची लाजही वाटायची. एवढंच काय, ११११ नाही, थांबा, १२११ मध्ये तो थेट कामाकुराला जाऊन तिथल्या तरुण शोगुनला, मिनामोतो नो सानेतोमोला भेटला. शोगुनला कवितेची आवड होती. आणि गंमत म्हणजे होजोकीत या प्रवासाचा उल्लेख नाही! एकांताच्या पुस्तकातून व्हीआयपी मीटिंग वगळली. माणूस आहे शेवटी. तिसरी गोष्ट, तब्येत. चोमेई डोंगर चढत-उतरत होता. उद्या आत्याला ते जमलं नाही तर निर्णय बदलेल, आणि हे तिलाही मान्य आहे. तिचं घर आकड्यांवर उभं आहे असं म्हणा, हलवता येईल. पण आज हलवायची गरज नाही.

मग आम्ही काय केलं ते सांगतो, कारण खाली कुणीतरी विचारणारच. बाथरूममध्ये भिंतीला आधाराच्या दांड्या लावल्या आणि घसरणार नाही अशी मॅट टाकली. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे. कॅमेरा लावायचा विषय निघाला होता, तिनं साफ नाही म्हटलं. ‘मी काय एटीएम आहे?’

आणि एक सिस्टीम बसवली, जिचा मला मनापासून अभिमान आहे. आपल्या कामात सर्व्हर जिवंत आहे की नाही हे कळायला तो ठराविक वेळानं एक छोटा सिग्नल पाठवतो, त्याला हार्टबीट म्हणतात. आत्या रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि सूर्योदय असलेला गुड मॉर्निंग टाकतेच. तर ठरवलं की तोच हार्टबीट. आठ वाजेपर्यंत गुलाब आला नाही तर मी फोन करायचा. फोन उचलला नाही तर काकूंना. आजवर दोनदा गुलाब आला नाही. एकदा रिचार्ज संपला होता. एकदा ती म्हणाली, ‘आज इच्छा नव्हती.’ मंडळी, त्या गुड मॉर्निंग मेसेजना हसू नका. आता आमच्या ग्रुपवर कुणी ते म्यूट करत नाही.

बाबा अजून पूर्ण तयार नाहीत. ते दर फोनला विचारतात, ‘सुखी आहेस ना गं?’ आत्या दर वेळी विषय बदलते. मेथी महाग झालीय, वरच्या मजल्यावर रंगकाम चालू आहे, असं काहीतरी. बाबांना वाटतं ती लपवते. मला वाटतं त्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तरच नाही, आणि ते तिला कळलंय.

हे मला चोमेईमुळे वाटायला लागलं. पुस्तकाचा शेवट कसा आहे सांगतो. अख्खं पुस्तकभर तो आपली झोपडी किती छान, एकांत किती छान हे सांगतो. आणि मग, अगदी शेवटी, पहाटेच्या वेळी स्वतःलाच धरतो. बुद्धानं तर सांगितलंय की कशातच अडकू नकोस. मग मी या झोपडीवर एवढं प्रेम करतो, हेही अडकणंच नाही का? मी दिसतो साधूसारखा, पण माझं मन? तू डोंगरात कशासाठी आलास? असे प्रश्न तो स्वतःला विचारतो. आणि त्याचं मन उत्तरच देत नाही. काहीही नाही. मग तो बुद्धाचं नाव दोन-तीनदा घेतो आणि थांबतो. खाली तारीख आहे, १२१२ सालच्या तिसऱ्या महिन्याची अखेर.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं पानं गहाळ झाली असतील. एवढं सगळं लिहून हा शेवट? पण दुसऱ्यांदा वाचताना पटलं. त्याला समाधान होतं आणि शंकाही होती, आणि दोन्ही त्याच दहा बाय दहात राहत होत्या. शंका आली म्हणून त्यानं झोपडी मोडली नाही, आणि झोपडी आवडते म्हणून शंका दाबलीही नाही.

ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी, पुस्तक छोटं आहे, तासाभरात होतं. इंग्रजीत बरीच भाषांतरं आहेत. नात्सुमे सोसेकी हा जपानचा पुढे प्रचंड गाजलेला कादंबरीकार, त्यानंही १८९१ मध्ये विद्यार्थी असताना याचं इंग्रजी भाषांतर केलं होतं. आणि कधी क्योटोला गेलात तर एक मजा बघा. ज्या कावाई देवळातली जागा चोमेईला मिळाली नाही, त्याच कावाई देवळात, शिमोगामो देवस्थानाच्या आवारात, त्याच्या झोपडीची प्रतिकृती कित्येक वर्षं ठेवलेली होती. नोकरी दिली नाही, पण त्याचं घर मात्र मांडून ठेवलं.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी आत्याला फोनवर ही सगळी गोष्ट सांगितली. दुष्काळाचा भाग जरा गाळला, रात्र झाली होती. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘किती वर्षं जगला रे पुढे?’ मी म्हटलं, चार. १२१६ मध्ये गेला.

‘आणि तो मुलगा?’

मी म्हटलं, त्याचं पुढे काय झालं ते पुस्तकात नाही.

‘शिकला असेल वाजवायला,’ ती म्हणाली, आणि कुकर बंद करायचाय म्हणून फोन ठेवला.